पात्यावरचा अंगठा

"सरका, सरका! रोग उतरतोय!"

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध खड्गबाबा. हातात लखलखीत तलवार, समोर काचेची उंच बरणी आणि तिच्यात चहाच्या रंगाचं पाणी. बाबा तलवार आजाऱ्याच्या अंगावर आडवी टेकवत, मग बरणीत सोडत, शंभर अंक मोजत आणि बाहेर काढत. पातं काळंठिक्कर! लोक हात जोडत. तलवार "शांत करायला" पडद्यामागे जाई आणि थोड्या वेळानं पुन्हा लखलखत येई.

"रोग रक्तात असतो आणि रक्तात लोह असतं," बाबा बजावत होते. "लोह लोहाला बोलावतं! विज्ञानही हेच सांगतं, फक्त दबक्या आवाजात."

विज्ञानानं कधी दबक्या आवाजात काही सांगितल्याचं तिसऱ्या रांगेतल्या दातांच्या डॉक्टरांना आठवेना. त्यांचे कान पडद्याकडे लागले होते. खस्स, खस्स. पॉलिशपेपर! हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. दर रविवारी ते घरामागच्या शेडमध्ये हौसेनं सुऱ्या घडवत. "दात काढून कंटाळला, आता सुऱ्या काढतो," असं त्यांची ताई सगळ्यांना सांगे.

ती ताई आज शेजारीच बसली होती. साखरेच्या आजारानं तिच्या पायाचं एक बोट काळं पडलं होतं. सर्जननं ते तातडीनं काढायला सांगितलं होतं आणि ही बाई तीन आठवडे इथल्या बैठकांना येत होती.

"ताई, अगं, दवाखान्यात चल."

"आजची शेवटची बैठक आहे रे. तू नुसता बघ."

डॉक्टर बघतच होते. आता ते उठले, केसांतल्या तेलावरून अंगठा फिरवला आणि पुढे गेले. "महाराज, खड्गाला स्पर्श करू?"

"पाहा! डॉक्टरसुद्धा शरण आले!" बाबांना स्वर्ग दोन बोटं उरला. डॉक्टरांनी पात्याच्या मध्यावर अंगठा घट्ट दाबला आणि ताईला पुढे बसवलं.

तलवार ताईच्या पायाला लागली, बरणीत गेली, शंभर अंक झाले. पातं काळं होऊन आलं. मधोमध मात्र अंगठ्याएवढा पांढरा ठसा होता, रेषांसकट.

बाबा क्षणभर चाचरले. "तेवढा अंश... चिवट आहे. आणखी तीन बैठका."

ताईनं चष्मा लावला. ती त्या ठशावर वाकली.

"हा ठसा माझ्या स्वयंपाकघरात आहे," ती म्हणाली. "तुझ्या पहिल्या सुरीवर. तेलकट हातानं धरलीस आणि आम्लात बुडवलीस. तेवढी जागा काळी झालीच नाही. मी म्हटलं होतं, सही केलीस वाटतं."

"तेल असेल तिथं आम्ल पोचत नाही, ताई."

"म्हणजे हे पाणी..."

डॉक्टरांनी पिशवीतून एक कोरं पातं काढून तिच्या हातात दिलं. ताईकडून काळ्या पात्याचं ऐकून त्यांनी ते मुद्दाम शेडमधून आणलं होतं, अजून मूठही न बसवलेलं. ताईनं ते स्वतः बरणीत सोडलं. लोकांनीच मोठ्यानं शंभर मोजले. पातं काळं होऊन आलं.

"यालाही रोग आहे!" बाबा ओरडले.

"जन्मून आठवडा झाला नाही, काकडीसुद्धा कापलेली नाही," ताई म्हणाली. "याला कसला हो रोग?"

मागून कोणी तरी फिस्सकन हसलं. मग सगळं दुकान हसू लागलं. डॉक्टरांनी पडदा बाजूला केला. बाबांचा चेला मांडीवर पॉलिशपेपर घेऊन बसला होता, चेहरा तलवारीपेक्षा पांढरा.

"पोलादावर नक्षी उठवायचं आम्ल आहे हे," डॉक्टर म्हणाले. "माझ्या शेडमध्ये या, दाखवतो. कोणालाही न शिवता कोणतंही साधं पोलाद काळं होईल."

ताई त्याच संध्याकाळी दवाखान्यात दाखल झाली. एका बोटाचं काम होतं. तीन आठवड्यांत ते दोन बोटांवर गेलं होतं.

घरी आल्यावर शेजारीपाजारी जमले. कोणी तरी बाबाला शिव्या घालू लागलं. ताईनं त्यांना थांबवलं आणि पट्टी बांधलेला पाय पुढे केला.

"त्याला काय बोलायचं ते बोला. पण मी शहाणी तीन आठवडे तलवार काळी झाली का, तेच बघत बसले. बोट गोरं झालं का, ते एकदाही बघितलं नाही. कोणी चमत्कार दाखवला, तर तो दाखवतोय तिथं बघू नका. आपलं दुखतंय तिथं बघा."