नऊ मुद्दे आणि एक वाटी शिकरण

माझा थोरला भाऊ सदानंद याला स्किझोफ्रेनिया आहे. पण १९९७ सालच्या त्या रविवारी, वसईच्या आमच्या फ्लॅटमध्ये, खोटारडा ठरलो तो मी.

शेजारी भिंतीतून शिव्या देतात, हे त्याच्या आजाराचे बोलणे. 'घरातले माझ्या शिकरणात काहीतरी कालवतात', हा त्याचा दुसरा आरोप. तो निराधार असल्याचे मी नऊ मुद्द्यांत सिद्ध केले, मुद्दे फुलस्केपवर लिहिले आणि खाली त्याची सही घेतली. आरोप खरा होता. हातावर दिलेली गोळी तो थुंकून टाकी. म्हणून आई ती खलबत्त्यात कुटून जवळच्या निर्मळ गावच्या केळ्यांत कालवी. युक्ती माझी.

त्या दुपारी त्याने वाटी माझ्यापुढे सरकवली. "विघ्नेश, खा."

"मला गोड नको."

"नको? लहानपणी माझी वाटी चाटून पुसायचास, लेका!"

आई धावली. "त्याला कशाला छळतोस? जेव मुकाट्याने."

"मग तू खा, आई."

तिने वाटीवर ताटली झाकली.

मला संताप आला: आधी त्याचा, मग आईचा, मग 'कसंही करा, पण गोळी पोटात जाऊ द्या' म्हणून आमची बोळवण करणाऱ्या डॉक्टरचा. माझी पाळी शेवटी आली, आणि तेथे मला एकही प्रतिवाद सुचेना.

"आहे गोळी त्यात!" मी ओरडलो. "चौदा महिने, रोज!"

"म्हणजे मी खरं बोलत होतो."

"शिकरणाबद्दल. भिंतीबद्दल नाही."

"भिंतीचं आता तुझ्याकडून कशाला ऐकू?"

त्याची बुद्धी सावरायला निघालेल्या मी तिचा शाबूत भागच खोटा पाडला होता, तोही मुद्देसूद.

"तो कागद आण. मागे लिही. मुद्दे नकोत."

मी लिहिले: सदानंदच्या अन्नात आम्ही औषध मिसळले आणि त्यालाच खोटे ठरवले. खाली सही केली. आईनेही केली. कागद खिशात घालून त्याने तिच्यापुढे तळहात धरला.

"कुटू नकोस. अख्खी दे."

तिने गोळी ठेवली.

"घेईन की नाही, ते माझं मी बघेन." मूठ मिटून तो बाल्कनीत गेला.

मागोमाग जाऊन पाहावे, असे मला फार वाटले. आई तर अर्धी उठलीही होती. मी तिचा पदर धरून तिला खाली बसवले.