आई कामाला गेलीय

दसऱ्यानंतरची गवतकापणी. खारबावच्या माळावर दामूचा बाप, म्हंजे माझा नवरा, विळा टाकून बोंबलला, "जानके, धाव!" मला वाटलं, जनावर चावलं. जाऊन बघते तर गवताच्या खळग्यात सशाची दोन पिल्लं, गप बसलेली. आणि ह्या बाप्याच्या डोळ्यांत पाणी!

"आईनं टाकली गं बिचारी." बोलता बोलता टोपीत घालून घराकडं निघालासुद्धा.

पेंढ्या बांधून घरी पोचते तर काय? टोपी चुलीजवळ, पिल्लांना काजळाची तीट, आणि हा बाबा सहाणेवर बाळगुटी उगाळतोय! दामूला कधी उगाळली न्हाय हो.

"अवो, मरतील ती! उठा, होती तिथं ठेवून या."

"बिनआईची हायेत."

"आई कामाला गेलीय! मी दामूला बांधावर झोळीत ठेवून कापणी करायची, तो काय टाकला होता?"

"पण आता माणसाचा वास लागला. ती जवळ घ्यायची न्हाय."

"तुमची आई तंबाखूच्या हातानं दामूला घ्यायची. मी टाकला का?"

ह्यावर बाप्या टोपी घेऊन उठला. तीट पुसली, पिल्लं त्याच खळग्यात ठेवली, तेवढा गवताचा तुकडा कापायचा सोडला. दिवस कलला तसे आम्ही लांब, पेंढ्यांच्या आडोशाला बसलो. ह्यानं बिडी काढली, मी हिसकावली.

"आली न्हाय तर?" त्यानं हळूच विचारलं.

दामू अंगावर पीत होता तेव्हा एकदा रस्त्यानं जाणारी कोण शहरातली बाई 'बेवारस पोर' म्हणून त्याला उचलून पाटलाकडं घेऊन गेली होती. घटकाभरात मिळाला, पण ती रिकामी झोळी बघून मी माळभर बोंबलत धावले होते. आता तो दामू धामणकर नाक्याला कापडाच्या लूमवर शिफ्ट करतो, तरी ती झोळी डोळ्यांपुढून जात न्हाय.

तेवढ्यात गवत हललं. लांब कान दिसले. ती थांबली, इकडंतिकडं बघितलं, पिल्लांना हुंगलं आणि दोघांवर उभी राहिली. पिल्लं लुचायला लागली.

"घेतली गं, घेत—" मी त्याचं तोंडच दाबलं.

तिची झोळी भरलेली होती. मला हुंदका आवरेना, आणि हा शहाणा मलाच विचारतो, "आता तुला काय झालं?"