अकरा खाचांची पट्टी

मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. हातभर लांब, दोन बोटे रुंद, अंगावर अकरा खाचा. मित्रांनो, तुमच्या दप्तरातल्या पट्टीने सरळ रेघ आखता येते. माझ्याने येत नाही, कारण मी एका बाजूला किंचित वाकडी आहे. माझ्याने कापडही कोणी मोजले नाही. माझ्यावर लोक आपले सरकार मोजत असत.

माझा जन्म ट्युनिशियात, केफच्या डोंगराळ मुलखात झाला. वादळात मोडलेली ऑलिव्हची एक फांदी खमीस सुताराच्या अंगणात दोन वर्षे वाळत पडली होती. एके सकाळी दलेंदा त्याच्याकडे आली. घरोघर जाऊन लोकांना प्रश्न विचारणे हे तिचे काम. राजधानीतल्या कचेरीने तिला शून्य ते दहा आकड्यांचा एक कागद दिला होता. पण आमच्याकडचा वारा कागद हातात ठरू देत नाही, आणि कोणत्याही घरात शिरले की प्रश्नाआधी गरम रोटी आणि तेलाची वाटी पुढे येते. आठवडाभरात तो कागद तेल पिऊन आरपार दिसू लागला होता.

खमीसने फांदी तासली, घासली आणि माझ्यावर दहा खाचा पाडल्या.

"काका, अकरा हव्यात," दलेंदा म्हणाली.

"दहापर्यंतच मोजायचंय ना? मी शाळेत गेलो नाही, पण बोटं माझीही दहाच आहेत."

"शून्याला पण एक हवी."

"शून्याला? ज्यात काहीच नाही त्याला जागा कशाला?"

"ज्याला सरकारकडून काहीच मिळालं नाही, त्यालाही बोट टेकायला जागा नको का?"

खमीसने पुन्हा पटाशी उचलली. मग त्याने डाव्या टोकाला उरलेल्या तेवढ्याशा जागेत अकरावी खाच पाडली. ती अजून दाटीवाटीने बसलेली दिसते. दलेंदाने खाचांखाली शाईने आकडे लिहिले.

त्यानंतर सहा वर्षे मी दलेंदाच्या पिशवीत फिरले. तिचे काम मला हळूहळू कळत गेले. जगातल्या अनेक देशांत तेच प्रश्न विचारत आणि उत्तरांचा एक तक्ता करत. एका ओळीत एक देश. मग कोणते सरकार कसे चालते, हे शेजारी शेजारी ठेवून बघता येई. काही गोष्टी नुसत्या मोजून कळत. शंभरातले किती जण मताला गेले, एक दाखला मिळायला किती दिवस लागले, मागचे सरकार मतांनी गेले की रणगाड्यांनी. त्यासाठी माझी गरज नव्हती. पण न्यायालयावर तुमचा विश्वास किती, पोलिसांवर किती, सरकारबद्दल बोलताना भीती किती वाटते, हे माणसाच्या पोटात असते. ते बाहेर काढायला मी लागे. लिहिता न येणारे आजोबाही माझ्यावर बोट ठेवून मोकळे होत.

लोक कधी तिलाच प्रश्न विचारत. एका धनगराने विचारले, "राज्याबद्दल विचारतेस की सरकारबद्दल?"

"काय फरक पडतो, काका?"

"वा! घर आमचं, भाडेकरू तुमचे. घराला मी पूर्ण गुण देईन. भाडेकरूंनी नळसुद्धा दुरुस्त केला नाही."

दलेंदाने ते दोन आकडे वेगवेगळे लिहिले. तिचे काम असे नेटके असे. कचेरीतले मुख्य, ज्यांना सगळे सी मोन्जी, म्हणजे मोन्जीसाहेब, म्हणत, ते तिचे कागद इतरांना उदाहरण म्हणून दाखवत. मी पिशवीतून ऐकत असे आणि मलाही आपण मोठे झाल्यासारखे वाटे.

चूक झाली ती ऐन तरफा नावाच्या गावात.

तिथे हनिया खाला, म्हणजे हनिया मावशी, राहतात. नवरा जाऊन वीस वर्षे झाली. त्याचे निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून त्यांना दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला काढावा लागे. दाखल्याची खिडकी पस्तीस किलोमीटरवर, आणि खालांचे दोन्ही गुडघे गेलेले. भाड्याची लुआज गाडी आठ माणसे भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून पहाटे जाऊन बसावे लागे. सरकार गावात खिडकी उघडणार असे त्या वर्षी सगळे म्हणत होते. खाला त्याच आशेवर होत्या.

दलेंदा त्या दिवशी चौतिसाव्या घरी होती. नियमाप्रमाणे तिने म्हणायला हवे होते, "शून्य म्हणजे सर्वांत वाईट, दहा म्हणजे सर्वांत चांगले." पण घसा बसला होता. तिने मला खालांपुढे धरले आणि एवढेच विचारले, "सरकारी कामांना किती गुण देता, खाला?"

खालांनी विचार केला आणि माझ्या उजव्या टोकाच्या शेवटच्या खाचेवर बोट ठेवले. दहा.

दलेंदाच्या भुवया वर गेल्या. पण उत्तरावर वाद घालायचा नाही, हाही नियमच. तिने दहा लिहिले. पुढच्या घरी नऊ. त्यापुढे दहा. उरलेल्या गावभर ती तसेच विचारत गेली.

चार महिन्यांनी तक्ता छापून आला. ऐन तरफा मुलखात पहिले. देशाची ओळही एक जागा वर सरकली. सी मोन्जींनी बदामाची मिठाई वाटली. आणि जिल्ह्याच्या कचेरीने तोच तक्ता बघून ठरवले, की ऐन तरफाचे लोक समाधानी आहेत, खिडकी दुसऱ्या गावाला द्यावी.

पुढच्या वर्षी दलेंदा गावात उतरली, तेव्हा खाला लुआजच्या थांब्यावर दगडावर बसल्या होत्या.

"ये, ये, सरकारची लाडकी! कुठंय माझी खिडकी?"

"खाला, तुम्हीच तर दहापैकी दहा दिलेत. सगळ्या गावानं दिले."

"दहापैकी?" खालांनी गुडघा चोळायचे थांबवले. "अगं, वीसपैकी!"

दलेंदाने मला पिशवीतून बाहेर काढले.

"चार पोरांची प्रगतिपुस्तकं बघितलीयत मी. शाळेत वीसपैकी गुण असतात, दहा म्हणजे काठावर पास. तू गुण विचारलेस. उन्हातून आलेली पोर, हिच्या सरकारला नापास कुठं करायचं? म्हणून काठावर सोडलं."

"पण पट्टीवर दहाच्या पुढं खाचच नाही, खाला!"

"ते बघूनच तर मला सुताराचं कौतुक वाटलं! म्हटलं, शहाणा माणूस. यांना दहाच्या वर देणार कोण, म्हणून पुढच्या खाचा पाडल्याच नाहीत."

थांब्यावरची माणसे हसली. दलेंदा हसली नाही. ती दुसऱ्याच दिवशी राजधानीला गेली आणि मला सी मोन्जींच्या टेबलावर ठेवून झाले ते सगळे सांगितले.

"तक्ता छापून गेलाय, दलेंदा. एका जागेनं देश हलत नाही."

"देश नाही हलत, सी मोन्जी. हनिया खाला हलतात, गुडघे धरून."

"चूक लिहून दिलीस तर ती तुझ्या नावावर पडेल. पुढच्या पाहणीत तुला घेता येणार नाही मला."

"माझ्याच नावावर आहे ती."

तिने लिहून दिले. मग आपल्या सुट्टीत ती पुन्हा ऐन तरफाला गेली आणि प्रत्येक दारात ते लांब वाक्य पूर्ण म्हणाली. खालांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"त्या वेळी पाच म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "आता तीन." आणि तीनच्या खाचेत नख रोवले. ती खूण अजून आहे. खमीसच्या दाटीवाटीच्या खाचेवरही त्या आठवड्यात बरीच बोटे टेकली.

तक्त्याला दुरुस्तीची एक चिठ्ठी जोडली गेली. देशाची ओळ होती तिथे परत आली. दलेंदाला पुढच्या पाहणीचे बोलावणे आले नाही. नव्या मुली काचेच्या पाट्या घेऊन येतात, त्यांना माझी गरज नाही. गावाला शेवटची भेट देऊन जाताना दलेंदाने मला खालांच्या हाती दिले. वर्षभर मी त्यांच्या चुलीपाशी धूर खात पडून होते. दोनदा जळता जळता वाचले.

दुरुस्तीनंतर दीड वर्षाने गावात खिडकी आली. आठवड्यातून दोनच दिवस, मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी. तिची लाकडी झडप वाऱ्याने सारखी आपटे. खालांनी घरून मला आणले आणि झडपेखाली टेकू लावला. तेव्हापासून मी इथे आहे. ऊन, वारा, पावसाने माझे आकडे पुसट होत चालले आहेत.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, काचेच्या कपाटातही ठेवू नका. एवढेच करा. कोणाचाही आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवण्याआधी त्या माणसाला विचारा, की बाबा, तुझे पूर्ण गुण किती? थकला असलात तरी विचारा. आणि शून्याची खाच कधी गाळू नका.

आज मंगळवार आहे. हनिया खाला काठी टेकत आल्या आहेत. खिडकीतला कारकून दरवर्षीचा तोच प्रश्न विचारतो आहे, "काय खाला, जिवंत?"

"काठावर पास," खाला म्हणतात, आणि अंगठ्याला शाई लावून घेतात.