शकुनच्या नावाचं पत्र

केवळराम गुरुजींनी शाळेचा टीव्ही मुलांना दाखवायचाच नाही असं ठरवलं होतं, असं कुणी म्हणालं तर ते साफ खोटं आहे. त्यांनी फक्त तो बिघडू द्यायचा नाही असं ठरवलं होतं. दोन्हींचा परिणाम एकच झाला, आणि एवढी साधी गोष्ट लक्षात यायला गुरुजींसारख्या शहाण्या माणसाला दोन वर्षं लागली.

कोसमटोला हे भंडाऱ्याजवळच्या शहापूरहून आत, तलावाच्या पाळीला लागून असलेलं गाव. शाळा चौथीपर्यंत. खोल्या दोन, गुरुजी एक. चौऱ्याऐंशी साली एके दिवशी सरकारी जीप आली आणि लाकडी पेटीतला टीव्ही उतरवून गेली. अंगणात जाळीची भलीमोठी छत्री उभी राहिली. आकाशात एक उपग्रह आहे, त्याच्याकडून ही छत्री रोज सकाळी शाळेचा पाऊण तासाचा कार्यक्रम घेते, असं सोबतच्या साहेबांनी समजावून सांगितलं. सरपंचांनी नारळ फोडला. पोरांनी पहिल्या दिवशी कुठल्याशा डोंगरातल्या मेंढ्या पाहिल्या आणि ती आठ दिवस मेंढ्यांसारखी ओरडत फिरली.

साहेब गेले आणि गुरुजींनी टीव्हीची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला केली. नोंदीखाली सही करण्याआधी त्यांनी ती तीनदा वाचली, त्याला कारण होतं. बारा वर्षांपूर्वी याच शाळेला रेडिओ मिळाला होता. भाऊबीजेनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत दंडार नाचणाऱ्या पोरांनी तो रात्रभरासाठी मागितला, गुरुजींनी भिडेपोटी दिला, आणि सकाळी तो मुका होऊन परत आला. त्या मुक्या रेडिओपायी गुरुजींनी तीन वर्षं भंडाऱ्याच्या चकरा मारल्या. खुलासा द्या. खुलासा अपुरा आहे, त्याचा खुलासा द्या. तेव्हापासून सरकारी वस्तू म्हटली की गुरुजींना आधी खुलासाच आठवायचा. त्यांनी टीव्हीच्या पेटीला पितळी कुलूप घातलं, किल्ली जानव्याला बांधावी तशी गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली, आणि बायकोकडून, गोदावरीबाईंकडून, वर घालायला मोराचं भरतकाम केलेला कपडा करून घेतला. आजचा दिवस राहू दे, विजेच्या लाईनचा भरवसा नाही. उद्याही राहू दे, आभाळ आलंय. असं करता करता ‘राहू दे’ हेच शाळेचं वेळापत्रक झालं.

पण दर महिन्याला एक फॉर्म भरून पाठवायचा असे. किती दिवस कार्यक्रम दाखवला? किती मुलांनी पाहिला? ‘एकही दिवस नाही’ असं लिहिणं म्हणजे नव्या खुलाशाला आमंत्रण. म्हणून गुरुजी लिहीत, बावीस दिवस, एकोणचाळीस मुलं. फॉर्मच्या शेवटी बारीक अक्षरांत आणखी एक मागणी होती, मुलांच्या हस्ताक्षरातली एक-दोन पत्रं जोडावीत. कार्यक्रमांची छापील पुस्तिका आधीच यायची, त्यामुळे कोणत्या दिवशी काय दाखवणार हे गुरुजींना ठाऊक असे. ते डाव्या हातानं, ओळी वाकड्या करून पत्रं लिहीत आणि खाली वर्गातल्या एखाद्या मुलाचं नाव घालत. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडू लागलं होतं. त्यांच्यात एक लेखक दडून बसला होता आणि त्याला ही चांगलीच जागा सापडली होती.

शहाऐंशीच्या नोव्हेंबरात, धानकापणीच्या ऐन दिवसांत, शेजारच्या गावचे कृष्णराव गुरुजी भर अकराच्या सुमारास सायकल दामटत शाळेत आले. सायकल भिंतीला टेकवायचंही त्यांना भान नव्हतं.

“कोन होय शकुन निंबार्ते? उभी राह्य माय, पाहू दे तुले!”

चौथीच्या रांगेतून एक सावळी, हडकुळी पोर उभी राहिली.

“अरे, आज टीव्हीवर हिचं पत्र वाचलं ना! त्या बाईनं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं. माह्या पोट्ट्यायनं टाळ्या वाजवल्या! तुम्ही तं पाह्यलंच असंन.”

एकोणचाळीस डोकी मोराच्या कपड्याकडे वळली.

“लाईन नव्हती आमच्याकडं,” केवळराम गुरुजी कसेबसे म्हणाले.

“अरेरे! आजच जायची होती का तिले!” कृष्णराव हळहळले. मग त्यांनी शकुनच्या डोक्यावर हात ठेवला. “पत्र तूच लिवलं ना वो?”

शकुननं गुरुजींकडे पाहिलं. ती नजर गुरुजी पुढे कधी विसरले नाहीत. तिच्यात राग नव्हता, विचारणंही नव्हतं. पोरीला एका क्षणात सगळं कळलं होतं, आणि आता गुरुजींचं काय होणार याची तिलाच काळजी पडली होती.

“हो जी,” ती म्हणाली. “मीच लिवलं.”

त्या दिवसापासून गुरुजींचं कशात मन लागेना. शकुननं एका शब्दानं काही विचारलं नाही. नेहमीसारखी यायची, पाटीवर गणितं करायची. फक्त सकाळी कार्यक्रमाची वेळ झाली की तिचे डोळे पेटीवर जाऊन टेकायचे. तिचं नाव एकदाच आकाशातून खाली आलं होतं, परगावच्या पोरांनी ते ऐकलं होतं, आणि जिचं होतं तिच्यासमोर कुलूप होतं. ते नाव आता पुन्हा ऐकवणं कुणाच्याच हाती नव्हतं. आपण चोरी केली, असं गुरुजींना वाटू लागलं. रेडिओच्या वेळी तीन वर्षं चोरासारखे वागवले गेले होते, तेव्हा मनातून ते स्वच्छ होते. आता कुणी बोट दाखवत नव्हतं आणि मान वर होत नव्हती.

आठवड्यानं शकुनची आई पुष्पाबाई गुरुजींच्या घरी आली. पदराखाली नव्या धानाच्या पोह्यांची टोपली.

“घ्या जी गुरुजी. माह्या पोरीचं नाव झालं तुमच्यापायी. बजारात लोकं विचारून राहिले मले.” मग ती हसली. “पण पोट्टी लय लाजते जी. काय लिवलं होतं म्हनून विचारलं, तं सांगतच नाई!”

गुरुजींनी टोपली घेतली. ती गेल्यावर गोदावरीबाईंनी पोहे करून ताट पुढे ठेवलं, तर यांनी ते बाजूला सारलं.

“काहून? नव्या धानाचे पोहे, अन् तुम्ही ताट सारून राहिले?”

तेव्हा गुरुजींनी बायकोला पहिल्यांदा सगळं सांगितलं. फॉर्म, डावा हात, कृष्णराव, सगळं. गोदावरीबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “अन् त्या एवढ्याशा पोरीनं तुमच्यासाठी खोटं बोललं?”

गुरुजींना वाटत होतं की आपण पोरीचा एक आनंद हिरावला. आपण तिला खोटं बोलायला लावलं, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्या माणसाला याहून मोठी चपराक कोण देणार? त्यांनी त्याच बैठकीत त्या महिन्याचा फॉर्म काढला. दाखवलेले दिवस: एकही नाही. आधीच्या महिन्यांचेही सगळे आकडे खोटे आहेत आणि पत्रं मी लिहिली आहेत, असं खाली उजव्या हातानं, सरळ अक्षरांत लिहिलं. आता खुलाशांची रांग लागणार हे त्यांना माहीत होतं. पाकिटाला डिंक लावण्याआधी मात्र त्यांनी ते पुन्हा वाचून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी त्यांनी कुलूप काढलं. टीव्ही एका झटक्यात लागला, चित्र लख्ख आलं. एवढं जपलेलं यंत्र अगदी नव्यासारखं चाललं, आणि गुरुजींना त्याचीही लाज वाटली. पाऊण तास पोरांनी पापणी लववली नाही. पडद्यावर मधमाश्या होत्या.

कार्यक्रम संपला. गुरुजी खुर्चीवर न बसता पोरांच्या समोर उभे राहिले.

“त्या दिवशी लाईन गेली नव्हती,” ते म्हणाले. “मी टीव्ही लावलाच नव्हता. पहिला दिवस सोडला तं कधीच लावला नाही. बिघडंन म्हनून भेलो. अन् शकुनचं पत्र शकुननं लिवलं नव्हतं. मी लिवलं, तिच्या नावानं. ती माह्यासाठी खोटं बोलली. चूक तिची नाही, माही आहे. शकुन, मले माफ कर बाई.”

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. गुरुजी माफी मागतात हे त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. शकुन उठून उभी राहिली. तिनं फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळलं.

“गुरुजी, मंग मी काय लिवलं होतं जी?”

गुरुजींना ते पाठ होतं. ते लिहून झाल्यावर त्यांनी स्वतःशीच दोनदा वाचलं होतं आणि स्वतःवर खूश झाले होते. आता ते खाली पाहत म्हणाले.

“‘आज मी टीव्हीवर पहिल्यांदा समुद्र पाहिला. आमच्या गावच्या तलावाला पलीकडचा काठ आहे. समुद्राला तो नाही. मला भीती वाटली आणि आवडलंही.’”

शकुननं मनातल्या मनात ते पुन्हा म्हणून पाहिलं. मग मान हलवली.

“मी असं नसतं लिवलं.”

“मंग तू काय लिवलं असतं?”

“मले काय मालूम जी?” शकुन म्हणाली. “मी समुद्र पाह्यलाच कुठी?”