मध्येच वाजलेलं संगीत

"ज्यानं ते बटण दाबलं ना, त्याचा हात झडला पाहिजे," ताई म्हणाली आणि ज्या हाताबद्दल ती बोलत होती त्याच हातात तिनं चहाचा कप दिला.

ट्रिंगरावांनी कप घेतला. सोमवारची सकाळ होती आणि टीव्हीवर आदल्या संध्याकाळचा नाट्यपुरस्कार सोहळा पुन्हा दाखवत होते. सगळा नव्हे, फक्त तेवढाच तुकडा. आबा जीवनगौरव पुरस्कार हातात घेऊन उभे आहेत. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतंय. आबा म्हणतात, "मी पहिल्यांदा रंगमंचावर पाऊल ठेवलं, तेव्हा माझ्या आईनं मला एकच गोष्ट सांगितली..." मग ते थांबतात, चष्मा काढतात, सदऱ्याच्या टोकानं काचा पुसू लागतात. आणि नेमकं तेव्हाच ढणढण संगीत सुरू होतं. निवेदिका हसत हसत पुढे येते आणि आबांना हाताला धरून आत नेते.

"आईच्या आठवणीनं रडत होता तो माणूस," ताई म्हणाली. "आणि ह्यांनी बँड लावला."

ताई आबांच्या रसिक मंडळाची सचिव होती. विधवा झाल्यापासून ती धाकट्या भावाकडे, ट्रिंगरावांकडे, राहायची, आणि संसारातून उरलेला सगळा जीव तिनं आबांवर लावला होता. मोबाइलवर येणारं एकेक मत ती मोठ्यानं वाचून दाखवत होती. चॅनेलला टाळं ठोका. ज्यानं हे केलं त्याला भर चौकात उभा करून त्याच्या कानात तेच संगीत आठवडाभर वाजवा. नाटकातलं ओ की ठो कळत नसलेल्या माणसाला तिथे बसवलाच कुणी? दहा वर्षांत ज्यांनी एका नाटकाचं तिकीट काढलं नव्हतं, त्यांचा राग सगळ्यात जास्त होता. रागाला तिकीट लागत नाही, हे त्याचं कारण असावं.

नाटकातलं ओ की ठो. ट्रिंगरावांना तेवढं मात्र लागलं.

कारण चॅनेलमध्ये नोकरीला लागायच्या आधी बावीस वर्षं हा माणूस आबांच्याच नाटकात ध्वनीची बाजू सांभाळत होता. ट्रिंगराव हे नावही आबांनीच ठेवलेलं. नाटकात आबा एका निवृत्त न्यायाधीशाचं काम करायचे आणि रंगमंचावर त्यांच्या खुर्चीशेजारी एक टेलिफोन असायचा. संहितेत तो दोनदा वाजायचा. पण एका प्रयोगात आबा भर संवादात कोरे झाले. पुढचं वाक्य काही केल्या आठवेना. त्यांनी वेळ काढायला चष्मा काढला आणि काचा पुसायला घेतल्या. विंगेतल्या ट्रिंगरावांना काय सुचलं देव जाणे, त्यांनी टेलिफोन वाजवला. आबांनी रिसीव्हर उचलला, "हं... हं... बोला" करत विंगेकडे कान दिला, प्रॉम्प्टरनं वाक्य पुरवलं आणि गाडी रुळावर आली. त्या दिवसापासून दोघांत न बोलता करार झाला. आबांनी चष्मा पुसला की ट्रिंगरावांनी फोन वाजवायचा.

सुरुवातीला वर्षातून एखाद वेळी असं व्हायचं. शेवटच्या वर्षी एका अंकात फोन सात वेळा वाजला. एका समीक्षकानं त्यावर अर्धं पान लिहिलं की वारंवार वाजणारा हा टेलिफोन म्हणजे आधुनिक जीवनातल्या व्यत्ययाचं प्रतीक आहे. ते वाचून दोघं पोट धरधरून हसले होते. त्यानंतर महिनाभरात आबांनी जाहीर केलं की आता नव्या नटांना वाट करून द्यायची, आणि रसिक हळहळले. ट्रिंगरावांनी तेव्हाही कुणाला काही सांगितलं नाही, ताईलासुद्धा नाही. तिला सांगितलं असतं तर दुपारपर्यंत सगळ्या मंडळाला समजलं असतं.

या सगळ्याला सहा वर्षं झाली होती. रविवारी कंट्रोल रूममध्ये कानाला हेडफोन लावून बसलेल्या ट्रिंगरावांना पडद्यावर आबांचा हात चष्म्याकडे जाताना दिसला आणि त्यांचं बोट बटणावर गेलं. कुणी हुकूम दिला नव्हता. हुकूम मिळाल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम होता.

आता त्यांना एकच गोष्ट खात होती. आबा खरंच कोरे झाले होते, की ताई म्हणते तसे आईच्या आठवणीनं रडत होते? रडणारा माणूसही चष्मा पुसतोच की. आबा आईबद्दल काहीतरी सुंदर बोलणार असतील आणि आपण त्यांच्या तोंडावर ढणढण केलं असेल, तर लोक म्हणतात त्यात खोटं काय?

मंगळवारी चॅनेलच्या निर्मातीबाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. बाई वयानं त्यांच्या मुलीएवढ्या होत्या, पण माणूस ओळखून होत्या. मी हुकूम दिला होता का, असं त्यांनी विचारलं. नव्हता, ट्रिंगराव म्हणाले. मग का दाबलं, असं बाईंनी विचारलं.

बाईंनी एक छापील कागद पुढे सरकवला. वर त्यांचं नाव होतं, तारीख होती, आणि खाली 'कारण' लिहून चार कोऱ्या ओळी होत्या.

"काहीतरी कारण असणार, तुम्ही उगाच बटण दाबणाऱ्यातले नाही," बाई म्हणाल्या. "ते लिहून द्या. कारण पटण्यासारखं असेल तर मी वर भांडेन तुमच्यासाठी. नाही लिहिलंत तर माझे हात बांधलेले आहेत. आणि काहीही झालं तरी शुक्रवारी आबांच्या घरी जाऊन माफी मागायची आहे. त्यांच्या मंडळाचीच अट आहे."

ट्रिंगरावांनी कागद घडी करून खिशात ठेवला. कारण लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या, आणि त्या दोन ओळींनी नोकरीची उरलेली तीन वर्षं सुखरूप पार पडली असती. पण त्या ओळी चॅनेलमधल्या दहा टेबलांवरून फिरल्या असत्या आणि अकराव्या टेबलावरून बाहेर पडल्या असत्या. शिवाय त्या खऱ्या आहेत की नाहीत हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

बुधवारी चॅनेलनं 'संबंधित तंत्रज्ञ माफी मागणार' असं जाहीर केलं, आणि कुणीतरी ओळखपत्रावरचा फोटो बाहेर सोडला. ताईनं मोबाइल भावापुढे धरला.

"हा तू आहेस."

"हो."

"का केलंस?"

"सांगता येत नाही, ताई."

"म्हणजे कारणसुद्धा नाही," ताई म्हणाली. मग तिनं जे सांगितलं ते रागानं नाही, सरळ सूचना दिल्यासारखं सांगितलं. मंडळात तिचं सासरचं नाव होतं. हा तिचा भाऊ आहे हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. शुक्रवारी तीही आबांकडे असणार होती. तेव्हा ओळख दाखवू नकोस. त्यानंतर ती बोलायची थांबली. चहा ओट्यावर झाकून ठेवलेला मिळायचा, आणि झाकण जरा जोरात आपटलेलं असायचं.

खरं सांगायचं तर ट्रिंगरावांना शुक्रवारची घाई झाली होती. माफीचं त्यांना काही वाटत नव्हतं. आबांना समोरासमोर बघायचं होतं. एक नजर बघितलं की कळेल, असं त्यांना वाटत होतं. आबा डोळा मिचकावतील, नाहीतर खरोखर रागावतील. काहीही चाललं असतं.

आबांचा दिवाणखाना दुपारी चारलाच भरून गेला होता. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि ज्यांनी निषेधाची तीनशे पत्रकं पदरमोड करून छापली होती, ते दाराशीच उभे होते. आत पंचवीसेक रसिक, बहुतेकांच्या हातात मोबाइल, आणि कोपऱ्यात चॅनेलचा कॅमेरा. ट्रिंगराव आत आले. एका बाईनं पर्स मांडीवरून उचलून छातीशी धरली, जणू चोरच आत आला होता. ताई तिच्या शेजारी बसली होती. तिनं खिडकीबाहेर बघितलं.

आबा मोठ्या खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा सदरा, नीट विंचरलेले पांढरे केस. मागे त्यांची मुलगी उभी होती. ती शिकवायची त्या शाळेतून तिनं अर्ध्या दिवसाची रजा काढली होती आणि तिचा एक हात सारखा खुर्चीच्या पाठीवर होता.

ट्रिंगराव समोर जाऊन उभे राहिले. आबांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"आपण नाटकाच्या क्षेत्रातले दिसत नाही," आबा म्हणाले.

खोलीत खसखस पिकली. काय बोलले, काय टोला हाणला, असं अध्यक्ष शेजारच्याला म्हणाले. ट्रिंगराव मात्र आबांच्या डोळ्यांत बघत होते. तिथे टोला नव्हता. तिथे अनोळखी माणसाशी बोलतानाची सभ्यता होती.

मग आबा उठून उभे राहिले, आणि त्यांचा आवाज लागला. तो आवाज अजून तसाच होता.

"पन्नास वर्षं मी लोकांसमोर उभा राहिलो. लोकांनी मला हसवलं, रडवलं, डोक्यावर घेतलं. पण मध्येच थांब, असं मला कुणी म्हटलं नाही. मला थांबवणारे तुम्ही कोण?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एकानं शिट्टी मारली. कुणीतरी म्हणालं, ऐक रे बटणवाल्या. आबांनी टाळ्या संपू दिल्या, जसे ते नेहमी संपू द्यायचे. मग मान वर केली.

"पन्नास वर्षं मी लोकांसमोर उभा राहिलो. लोकांनी मला हसवलं, रडवलं, डोक्यावर घेतलं..."

तोच आवाज, त्याच जागी तोच श्वास. लोकांना वाटलं, जोर देण्यासाठी पुन्हा म्हणताहेत. त्यांनी दुप्पट टाळ्या वाजवल्या. मुलीचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाला आणि तिनं ट्रिंगरावांकडे बघितलं. ती काही मागत नव्हती. फक्त यालाही दिसलं, एवढंच तिला कळलं होतं.

चष्मा आबांच्या नाकावर तसाच होता. त्यांनी त्याला हातही लावला नव्हता. रविवारी त्यांना निदान आपण विसरलो हे तरी कळलं होतं. आज तेही कळत नव्हतं. पाच दिवस ज्या उत्तरासाठी ट्रिंगराव तळमळत होते ते मिळालं, आणि ते नको होतं.

टाळ्या ओसरल्या. आबांनी पुन्हा मान वर केली, श्वास घेतला.

"चुकलं माझं," ट्रिंगराव ओरडले.

इतक्या मोठ्यानं की कॅमेरावाला दचकला. आणि मग ते थांबलेच नाहीत. म्हणाले, मी नालायक माणूस आहे. एवढ्या मोठ्या कलावंतासमोर उभं राहायची माझी लायकी नाही. तुमचा आवाज ऐकून लोक घडले आणि मी त्यावर बँड लावला. आबा काही बोलू पाहत होते, पण ट्रिंगराव त्यांना फट मिळू देत नव्हते. रंगमंचावर एकही वाक्य न बोललेला माणूस सलग दोन मिनिटं बोलत होता. तेवढ्यात मुलीनं आबांना अलगद खुर्चीत बसवलं आणि पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला.

"ते सगळं ठीक आहे," अध्यक्ष पुढे झाले. "पण का केलंत ते सांगा. आम्हाला कारण पाहिजे."

सगळे मोबाइल ट्रिंगरावांकडे वळले. आबांकडे एकही राहिला नाही.

"झोप लागली होती," ट्रिंगराव म्हणाले. "कंट्रोल रूममध्ये डुलकी लागली. हात बटणावर पडला."

मग जो भडका उडाला त्यात अध्यक्षांचा आवाज सगळ्यात वर होता. आबा बोलत असताना हा माणूस झोपला होता, हे ऐकून रसिकांना जे समाधान मिळालं ते कुठल्याही कारणानं मिळालं नसतं. कुणीतरी त्यांच्या खांद्याला धरून त्यांना दाराकडे ढकललं. जिन्यात मुलगी मागून आली. वरून लोक बघत होते, म्हणून ती खालचं दार लावायला आल्यासारखी उभी राहिली.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" तिनं विचारलं.

"नाही. आज कळलं."

"सहा महिने झाले," ती म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

शनिवारी सकाळी ट्रिंगरावांनी चॅनेलमध्ये जाऊन कागद दिला. 'कारण' समोर त्यांनी 'कामावर असताना झोप लागली' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. निर्मातीबाईंनी ते वाचलं, त्यांच्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं. मग ओळखपत्र आणि हेडफोन टेबलावर ठेवायला सांगितलं.

घरी आले तेव्हा ताई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तीन दिवसांनी ती त्यांच्याशी बोलली.

"तुला नाटकाला झोप लागलेली मी कधी पाहिली नाही," ती म्हणाली. सुरी हातातच थांबली होती.

"वय झालं," ट्रिंगराव म्हणाले.

ताईनं आणखी काही विचारलं असतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही. पण तिचा फोन वाजला. मंडळातली, दुसऱ्या गावी राहायला गेलेली मैत्रीण होती. तिला कालची चित्रफीत हवी होती. ताईनं हात पुसले, ती पाठवून दिली, फोन ओट्यावर उभा केला आणि कॉल चालू ठेवूनच मैत्रिणीबरोबर ती पुन्हा एकदा बघायला घेतली. ट्रिंगराव बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. भिंतीपलीकडून आबांचा आवाज येत होता. पन्नास वर्षं मी लोकांसमोर उभा राहिलो.

"दोनदा म्हणाले बघ," ताईचा आवाज भरून आला होता. "दोन्ही वेळा अंगावर काटा आला."

"आणि हा मध्येच कोण कोकलतोय गं?"

"तोच तो, बटणवाला."

"दिसतोय तरी कसा मेला. तुझ्या ओळखीचा नाही ना?"

पलीकडे चित्रफीत थांबली.

"छे गं," ती म्हणाली, आणि मैत्रिणीच्या आग्रहावरून तिनं चित्रफीत पुन्हा लावली.

ट्रिंगरावांनी डोळे मिटले आणि यावेळी नीट कान देऊन ऐकलं. आबांचं दुसऱ्यांदा म्हणणं संपलं. टाळ्या वाजल्या, ओसरल्या. आबांनी श्वास घेतला, 'पन्ना' एवढं ऐकू आलं, आणि त्यावर ट्रिंगरावांचा स्वतःचा आवाज चढला. अर्धा सेकंद उशीर झाला होता. पण कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.