दुसऱ्या प्रकरणातलं एक वाक्य

नाशिकच्या त्या कॉलेजात पीएचडीचं दुसरं प्रकरण लिहायची पद्धतच नव्हती, ते मिळायचं. विषय ठरला की गाइड, म्हणजे गांगुर्डे सर, टेबलाच्या खणातून पेनड्राइव्ह काढायचे आणि म्हणायचे, "आधीच्यांचं प्रकरण आहे. यात तुझं बसवून घे." दुसरं प्रकरण म्हणजे पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा. थोरल्याची पुस्तकं धाकट्याकडे यावीत तसं ते एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे येत होतं, आणि त्यात कोणाचं काही बिघडत नव्हतं. निदान तसं सगळे धरून चालले होते.

हर्षाली चांदवडकडच्या खेड्यातली, पहिल्याच वर्षाला. विषय तिने घरूनच आणला होता. तिची आई सावित्रीबाई लग्न झाल्यापासून दुसऱ्यांच्या शेतात उकिडवी बसून विळ्याने कांद्याची पात कापत आली होती. त्या कामाने बायकांच्या कंबरेचं काय होतं, हे हर्षालीला शोधायचं होतं. सरांनी तिने लिहून आणलेला कागद वाचला आणि अगदी मायेने सांगितलं, "विषय चांगला आहे गं, पण झालेला आहे."

त्यांनी दुसऱ्या प्रकरणातलं वाक्य दाखवलं. 'कांदा काढणीतील स्त्री मजुरांमध्ये कंबरदुखीचे प्रमाण नगण्य असल्याचे सोनजे (१९८७) यांनी दाखवून दिले आहे.'

"पुढच्या शुक्रवारी विषय मंजूर करणारी समिती आहे. त्यातला एखादा हेच वाक्य तुझ्या तोंडावर मारेल आणि विषय जाईल. त्यापेक्षा साठवणूक घे, निर्यात घे."

नगण्य! हर्षालीला त्या शब्दाचा असा संताप आला की सरांना नीट हो-नाही न करताच ती बाहेर पडली. शुक्रवारपर्यंत हे वाक्य खोटं तरी ठरवायचं, नाहीतर विषयावर पाणी सोडायचं. ती ग्रंथालयात कॉम्प्युटरसमोर बसली आणि शोधायच्या चौकटीत तिने विषयाचं नाव नोंदणीच्या अर्जावर होतं तसं पहिल्यापासून शेवटपर्यंत टाइप केलं : 'कांदा काढणीतील स्त्री मजुरांच्या कंबरदुखीचा चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ नाशिक जिल्हा'. काहीही आलं नाही. तिने तेच इंग्रजीत टाकलं. तरी काही नाही.

शेजारच्या खुर्चीवर कशिश होती. ती मालेगावची, यंत्रमागावर काम करणाऱ्यांना ऐकू कमी येतं त्यावर संशोधन करणारी. दोन वर्षं या कामात घासून निघाल्यामुळे दुसऱ्याची चूक बघून गप्प बसणं तिला जमत नसे.

"हे काय टाकलंस? ही काय लग्नाची पत्रिका आहे, पूर्ण नाव, गाव, जिल्हा घालायला?"

"माझा विषयच हा आहे."

"तुझा आहे, जगाला थोडंच ठाऊक आहे? तिकडे कोरियात मिरची तोडणाऱ्या बायकांवर कोणी लिहिलं असेल, तो 'विशेष संदर्भ नाशिक जिल्हा' म्हणेल का?"

मग कशिशने तिच्याकडून कागदावर तीन रकाने पाडून घेतले. माणूस कोण, काम कसलं आणि दुखतं काय. प्रत्येकाखाली त्याच गोष्टीची जेवढी नावं सुचतील तेवढी लिहायला लावली. मजूर, शेतमजूर, रोजंदार. ओणवं काम, उकिडवं काम. कंबर, पाठ, मणका, स्नायू. मग त्या सगळ्यांचे इंग्रजी शब्द. "आणि कांदा सोड आता. समोर कांदा आहे का मिरची, हे कंबरेला काय कळतं?"

ते शब्द टाकल्यावर लेखांचा जो पूर आला तो बघून हर्षालीचा चेहराच पडला. मघाशी एकही लेख नव्हता, आता वाचायला जन्म पुरणार नव्हता.

"सगळे वाचायचे नसतात, पागल. आधी सारांश बघ, कामाचा नसेल तर सोडून दे. कामाचा असला तर लगेच निष्कर्षावर उडी मारू नको. आधी बघ, माणसं कशी निवडली, कुठे गाठून विचारलं."

पुढचे काही दिवस हर्षाली तेच करत बसली. शब्द जोडायचे, तोडायचे, एखादा चांगला लेख सापडला की त्याच्या मागची संदर्भयादी धरून आणखी मागे जायचं. वाकून काम करणाऱ्यांची कंबर जगभर दुखत होती. भातात दुखत होती, चहाच्या मळ्यात दुखत होती. नाशिक जिल्ह्यातल्या बायकांच्या कंबरा तेवढ्या लोखंडाच्या निघाल्या होत्या.

"मग सोनजे वाच," कशिश म्हणाली.

"वाचलं की. प्रत्येक प्रबंधात आहे."

"प्रत्येक प्रबंधात सोनजेचं नाव आहे. सोनजे कुठे आहे?"

हर्षालीने सोनजेंचा हवाला देणारे मिळतील तेवढे प्रबंध काढले. सगळ्यांत वाक्य तेच, शब्दाला शब्द. पान क्रमांकही तोच. आणि ज्या नियतकालिकात तो लेख आला होता त्याची जुनी अनुक्रमणिका हाती लागली, तेव्हा लेख त्या पानाच्या कितीतरी आधीच संपत होता. म्हणजे मूळ लेख उघडायचे कष्ट एकानेही घेतले नव्हते. नियतकालिक केव्हाच बंद पडलेलं, नेटवर त्याचा मागमूस नव्हता. "लेख शोधू नको, अंक शोध," असं कशिशने सांगितलं, म्हणून तिने फोन करून करून ग्रंथालयं पालथी घातली. शेवटी नाशिक रोडच्या एका वाचनालयात, कोण्या प्राध्यापकाने निवृत्तीनंतर देऊन टाकलेले बांधीव अंक निघाले.

समितीच्या आदल्या दिवशी बस धरून ती तिथे गेली. कोष्टक होतं, 'नगण्य' हा शब्दही होता. पण कोष्टकाखाली बारीक अक्षरांत सोनजेंनी लिहिलं होतं : 'उत्तरे मुकादमाच्या उपस्थितीत घेतली आहेत. दुखणे कबूल करणारीला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाहीत, असे मागाहून कळले. सबब हे आकडे विश्वासार्ह मानू नयेत. पाहणी नव्याने व्हावी.'

हर्षालीला आधी हसू आलं आणि मग त्या सोनजेंची फार दया आली. बिचारा हात जोडून विश्वास ठेवू नका म्हणत होता, आणि लोकांनी त्यालाच साक्षीला उभा केला होता.

त्याच संध्याकाळी गांगुर्डे सरांनी त्या पानाची प्रत वाचली. ते वाक्य त्यांच्याही प्रबंधात होतं, हे दोघांना ठाऊक होतं. मग सर म्हणाले, "उद्या हेच आधी दाखव. फक्त ज्यांनी ज्यांनी उचललं त्यांच्या यादीत मला शेवटी ठेव."

समितीपुढे ते पान ठेवल्यावर फार वाद झाला नाही. विषय मंजूर झाला. प्रश्नावली आधी एक-दोघींवर तपासून बघा, एवढंच एका सदस्याने सुचवलं.

रविवारी हर्षाली घरी गेली. वडील बाजाराला गेले होते. तिने मुद्दाम दार लोटलं आणि आईसमोर प्रश्नावली घेऊन बसली.

"पात कापून उठताना कंबर दुखते का?"

"नाय."

"रात्री झोप लागते का?"

"लय चांगली लागती."

"दुखण्यामुळे कधी काम बुडलं?"

"तुझ्या आईनं कदी काम बुडवलंय का गं?"

हर्षालीने तिन्ही उत्तरं लिहून घेतली आणि पेन हातात धरून बसून राहिली. मुकादम नव्हता, वडील नव्हते, दार लोटलेलं होतं. खोलीत आईसमोर फक्त लेक होती. दुखतंय असं कळलं तर ही पोरगी नाशिकची खोली सोडून येईल आणि हातात विळा घेईल, हे आईला पक्कं माहीत होतं. खरंच, हर्षालीने तेच केलं असतं. तिला रडू फुटलं, म्हणून पाणी प्यायच्या निमित्ताने ती उठली.

पुढच्या रविवारी तिने कशिशला बरोबर आणलं, आईची ओळख करून दिली, प्रश्नावली कशिशच्या हातात ठेवली आणि स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसली. आतून शब्द कळत नव्हते. फक्त आईचा आवाज मध्येच थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं तेव्हा कशिश दारात आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"कोरे कागद आहेत का गं? पहिल्याच प्रश्नाला जागा पुरत नाहीये."

हर्षालीने बॅगेतले होते नव्हते ते सगळे कागद तिच्या हातात दिले आणि परत ओट्यावर बसली.