पदराकडे जाणारा हात

लाल दिवा लागला, मशीन थांबलं आणि रांगेतल्या सगळ्या बायकांनी सोजरबाईकडे पाहिलं.

"मावशी, परत?" सुपरवायझर केल्विननं विचारलं.

"आवं, मोठं सायेब आलं ना समोर. हात आपसूक गेला."

शिरूरजवळच्या त्या कारखान्यात हे मशीन दोन हजार सहा साली आलं. त्याच्या तोंडाशी उजेडाची न दिसणारी रेघ होती. कुणाचा हात चेंगरू नये म्हणून, काहीही आड आलं की मशीन बंद पडायचं. पहिल्याच आठवड्यात सोजरबाईच्या लुगड्याचा पदर रेघेत लोंबला आणि बायकांना पँट-शर्ट मिळाला. ती लाजेनं अर्धी झाली. पण नवरा, हौसराव, अंथरुणाला खिळलेला आणि कमावती ती एकटी. तिनं तोही घातला. पदर गेला, पदर सावरणारा हात काही गेला नाही. वडीलधारं माणूस दिसलं की तो डोक्याकडे निघायचा, कोपर रेघेत यायचं. म्हणजे साहेब पाहणीला आले की नेमकी माशी शिंकायची. जित्याची खोड, दुसरं काय!

केल्विननं टोपी दिली, तर हात टोपीचा काठ ओढू लागला.

"आता एकदा जरी थांबलं, तर माझ्या हातात काय न्हाई मावशी," तो हळूच म्हणाला.

मग ती घरी सराव करू लागली. पँट-शर्ट घालून भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोसमोर उभी राहायची, हात खाली दाबून.

"आबा हायेत ते. घे की डोक्यावरून," हौसराव कळवळून म्हणाला.

"काय घेऊ?"

पुढच्या वेळी साहेब आले, तेव्हा तिचा हात वर गेला नाही. तिचा सगळा जीव त्याला धरून ठेवण्यात अडकला होता. पट्ट्यावरून तिनं भरायचे डबे रिकामेच एकामागून एक पुढे गेले आणि ती नुसती उभी. मशीन चालूच राहिलं. संध्याकाळी केल्विननं मान खाली घालून तिच्याकडून कपडे परत घेतले.

दुसऱ्या दिवशी थोरले दीर बबनराव भावाला बघायला आले. सोजरबाई लुगड्यात चुलीपाशी बसली होती, पदर खांद्यावर.

"कामावर न्हाई गेलीस?"

"काढलं मला."

हौसरावानं डोळ्यांनी डोक्याकडे खूण केली. तिला ती कळली. हात मांडीवर तसाच पडून राहिला, परक्या कुणाचा असावा तसा. तिला रडू आलं, तरी तो उचलेना.

शेवटी बबनरावच तोंड फिरवून बसले.